न पाळायचं ग्रहण

डॉ. विश्राम केळुस्कर आणि डॉ. शर्वाणी मत्ते एकमेकांना पाण्यात पाहत असत, असं म्हणायलाही अगस्ती केंद्रावर अडचण होती. तिथे पाणी म्हणजे आधी बर्फ. रोज कोणीतरी फावडं घेऊन बाहेर जायचं, बर्फ खणून टाकीत टाकायचा, टाकी तापवायची, तेव्हा कुठे चहा आणि आंघोळ. या कामाची पाळी केंद्रप्रमुख सोडून सगळ्यांना होती, आणि केंद्रप्रमुख होते केळुस्कर. पाळ्या लावायचं कामही त्यांचंच. गेल्या दोन महिन्यांत मत्तेबाईंची पाळी जरा जास्तच वेळा आली होती, आणि ती नेमकी वारा सुटलेल्या दिवशी यायची.

अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यापासून आत, एका बोडक्या खडकावर हे भारतीय केंद्र उभं होतं. शेवटचं जहाज गेलं की पुढचं येईपर्यंत कोणी यायचं नाही आणि कोणाला जाता यायचं नाही. मे महिन्यात सूर्य मावळायचा, तो जुलै सरत आला की तोंड दाखवायचा. अशा काळोखात चौदा माणसं एका छपराखाली कोंडलेली, आणि त्यांतल्या दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. बाकीचे बारा जण जेवताना ताटात बघून जेवत.

भांडणाचं मूळ वर आभाळात होतं. दहा-बारा वर्षांपूर्वी काही देशांनी मिळून पृथ्वीवर 'छत्र' उघडलं. विमानं ढगांच्याही पुष्कळ वर जायची आणि गंधकाचे अतिसूक्ष्म कण हवेत सोडून यायची. त्या धुळीच्या पडद्यामुळे थोडंसं ऊन आल्या वाटेनं परत फिरे आणि जमीन जराशी निवे. मोठा ज्वालामुखी फुटला की जग वर्ष-दोन वर्षं थंडावतं, तीच ही युक्ती, फक्त ज्वालामुखी वगळून. युक्ती लागू पडली. उन्हाळे उतरले. पण या धुळीला एक खोड होती. ती ध्रुवावरच्या गारठलेल्या हवेत शिरली की ओझोनचा थर कुरतडते, आणि तो थर गेला की खालच्या माणसांच्या डोळ्यांचं आणि कातडीचं काही खरं नाही.

धूळ दक्षिण ध्रुवापर्यंत जाईल का, या प्रश्नाचं उत्तर केळुस्करांनी दिलं होतं. हिवाळ्यात ध्रुवाभोवती वाऱ्याचा एक अजस्र भोवरा गरगरत असतो. तो भिंतीसारखा उभा राहतो आणि बाहेरची धूळ बाहेरच अडवतो, असं त्यांनी गणितानं दाखवून दिलं. ती भिंत जिथून सुरू होते त्या रेषेला जग 'केळुस्कर सीमा' म्हणू लागलं. छत्राचा कारभार बघणाऱ्या मंडळानं त्यांच्या सहीवर विमानं उडवली. क्रमिक पुस्तकात नाव आलं, वेंगुर्ल्याच्या शाळेत फोटो लागला. बायको केव्हाच गेलेली, मुलगी बोलत नाही, अशा माणसाच्या गाठीला शेवटी एवढी एक रेषाच उरली होती.

आणि ही वणीची पोर, ही मत्ते, अजून चाळिशीही गाठली नाही, म्हणत होती की भिंतीला भोकं पडली आहेत. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला मेंढपाळांना डोळ्यांनी दिसेनासं होत होतं, त्याचा संबंध ती थेट केळुस्करांच्या गणिताशी जोडत होती. महिनाअखेर मंडळाची बैठक होती आणि धूळ दुप्पट करायचा ठराव तीत मंजूर व्हायचा होता. त्याच्या आत तिला पुरावा हवा होता. ध्रुवावरच्या हिवाळी काळोखात साध्या उपग्रहांना काही दिसत नाही, आणि ज्या उपग्रहांना दिसतं ते मंडळाचे. म्हणून तिनं चंद्राला साक्षीला बोलवायचं ठरवलं.

तिची कल्पना चांगली होती, हे केळुस्करांनी मनातल्या मनात कबूल केलं होतं, आणि त्यामुळेच ते जास्त चिडले होते. पृथ्वीच्या सावलीला दोन पदर असतात. आत गडद सावली आणि तिच्याभोवती विरळ सावली. चंद्र गडद सावलीत शिरला की आपण ग्रहण म्हणतो. तो नुसत्या विरळ सावलीतून निघून गेला तर त्याला छायाकल्प ग्रहण म्हणतात. त्यात चंद्राचा तुकडा कापला जात नाही, एका कडेला तो किंचित काळवंडतो, एवढंच. पण त्या वेळी चंद्रावर उभं राहून पाहिलं तर सूर्य पृथ्वीच्या आड अर्धामुर्धा लपलेला दिसेल आणि उरलेलं ऊन पृथ्वीच्या कडेला घासून, तिथल्या हवेतून गाळून येताना दिसेल. या जूनमधलं ग्रहण असं होतं की ते ऊन नेमकं पृथ्वीच्या दक्षिण कडेला घासून जाणार होतं. तिथे धूळ असेल तर चंद्राची सावलीकडची कड, म्हणजे उत्तरेची कड, हिशेबापेक्षा जास्त काळवंडेल. हवा स्वच्छ असेल तर हिशेबाइतकीच.

हे मोजायला ध्रुवासारखी जागा नाही. हिवाळ्यातली पौर्णिमा तिथे दिवसचे दिवस मावळतच नाही. चंद्र आभाळात नुसता गोल फिरत राहतो. हवा कोरडी ठणठणीत, आसपास दिव्याचा ठिपका नाही. मत्तेबाईंच्या यंत्राला एक डोळा होता, तो चंद्राच्या कडेवरच्या एका नखाएवढ्या जागेवर रोखून धरायचा आणि प्रकाश मोजत बसायचं. लडाखच्या वेधशाळेत दोन हिवाळे तिनं याची तालीम केली होती. तिनं योजना लिहून केंद्रप्रमुखांच्या टेबलावर ठेवली तेव्हा केळुस्करांनी ती न उघडताच सही केली. वाचली असती तर आपण तिला महत्त्व देतो असं दिसलं असतं.

ग्रहणाच्या दोन दिवस आधी मंडळाच्या मुंबई कार्यालयातून रणदिवे नावाच्या सचिवांचा फोन आला. बोलणं गोड. त्या दिवशी तिकडे हवामान खराब होतं असं कळवता येईल का, असं त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं. केळुस्करांनी त्यांना फटकारलं. हवामान चांगलं असताना खराब कळवणं त्यांच्या रक्तात नव्हतं. मात्र फोन ठेवल्यावर ते खिडकीशी गेले आणि कुठे ढग दिसतो का, ते बराच वेळ बघत राहिले.

त्या दुपारी जेवताना आचाऱ्यानं विचारलं की ग्रहण आहे तर शिजवलेलं ठेवायचं की टाकायचं. घरी कोल्हापूरला आई पाळते म्हणे.

"छायाकल्प ग्रहण पाळायचं नसतं," केळुस्कर म्हणाले. "पंचांगातसुद्धा तसं छापतात. वेध नाहीत, काही नाही."

"बरोबर आहे सरांचं," टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडून मत्तेबाई म्हणाल्या. त्यांनी वर बघितलं नाही. "ज्या ग्रहणाकडे कोणी पाहत नाही, त्यातच चोऱ्या होतात."

केंद्राच्या डॉक्टर फरीदा मुजावर मिरजेच्या. दोघांच्या मधली खुर्ची त्यांनी पहिल्या महिन्यापासून धरून ठेवली होती. त्यांनी लोणच्याची बरणी उगाचच एका हातातून दुसऱ्या हातात दिली. पण केळुस्करांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. वणीत दर मे महिन्यात उष्माघातानं किती माणसं दगावायची, हे त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं आणि ती मरायची कोणामुळे थांबली, तेही विचारलं.

मत्तेबाईंनी घास ताटात ठेवला. "माझा काका त्यातच गेला सर. खाणीवरून घरी येताना रस्त्यात पडला. म्हणून आता त्या मेंढपाळांचे डोळे जाऊ द्यायचे का?" एवढं बोलून त्या ताट घेऊन उठल्या. केळुस्कर जेवायला बसले की त्या उठत, हे आता सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं.

ग्रहण घड्याळात मध्यरात्रीच्या सुमारास होतं. सकाळी केळुस्करांनी पाळ्यांच्या फळ्यावर त्या दिवसाच्या बर्फापुढे मत्तेबाईंचं नाव लिहिलेलं सगळ्यांनी पाहिलं. त्या पहाटेच उठून बर्फ टाकून आल्या होत्या, हेही पाहिलं. पुढचा घोळ मात्र कोणी मुद्दाम घातला नव्हता. आदल्या वादळानं जनरेटरच्या तेलाची नळी फोडली होती आणि निम्मं केंद्र तिच्यावर लागलं होतं. त्या दुरुस्तीत एका अभियंत्याचा हात चेमटला. फरीदा टाके घालायला अडकल्या. वेधाच्या झोपडीपर्यंत मत्तेबाईंबरोबर त्या जाणार होत्या.

झोपडी केंद्रापासून दूर, दिव्यांच्या उजेडापलीकडे एका उंचवट्यावर होती. आणि केंद्राचा पहिला नियम असा होता की झेंड्यांच्या ओळीबाहेर कोणी एकट्यानं जायचं नाही. दोघांनी जायचं, कमरेला एक दोर बांधून. मोकळं माणूस एकच उरलं होतं. ते नाही म्हणालं असतं तर वेध नियमानुसार रद्द झाला असता, आणि केळुस्करांनी गळा दाबला असं उरलेल्या बारा जणांनी मरेपर्यंत सांगितलं असतं. केळुस्करांनी जाड कोट चढवला.

वाटेत कोणीच बोललं नाही. दोर मात्र बोलत होता. मत्तेबाई पुढे, आणि त्यांना घाई. केळुस्करांच्या कमरेला दर दहा पावलांनी हिसका बसत होता. चंद्र उत्तरेला चांगला वर आला होता आणि बर्फावर इतका उजेड होता की दोघांच्या सावल्या एकमेकींवर पडत होत्या. उघड्या गालांवर सुया टोचाव्यात तशी थंडी होती. दोर इतका ताणायचा नसतो, हे वाक्य केळुस्करांनी तीनदा गिळलं.

ही खोड त्यांना जन्मापासून होती. कोणी चुकलं की त्यांच्या पोटात कळ यायची आणि ती तोंडावाटे बाहेर पडल्याशिवाय राहायची नाही. बायकोच्या हिशेबात, मित्राच्या भाषणात, मंत्र्याच्या भाषणातही. मुक्ता, त्यांची एकुलती एक मुलगी, तिचं लग्न नागपूरला होतं, गोरज मुहूर्तावर. अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं सुरू झालेली, आणि केळुस्कर म्हणाले, थांबा. भटजींनी मुहूर्त मुंबईच्या पंचांगातून उचलला होता. नागपूर पूर्वेला, तिथे सूर्य आधी मावळतो. मुहूर्त केव्हाच टळून गेला होता आणि त्यांनी तो कसा टळला ते व्याह्यांसमोर समजावून सांगितलं. माणसानं जागा बदलली की आभाळ बदलतं, हे वाक्य त्यांनी तिथे दोनदा उच्चारलं. अंतरपाटाआड मुक्ता रडत होती. त्यानंतर तिचा फोन दिवाळीला यायचा, त्यावरही जावईच बोलायचा.

झोपडीत दोन माणसं कशीबशी मावत. मत्तेबाई पडद्यासमोर बसल्या, केळुस्कर दाराशी एका खोक्यावर. पडद्यावर आकड्यांची ओळ सरकत होती. ग्रहण लागून बराच वेळ झाला होता. मत्तेबाईंची पाठ आधी ताठ होती, ती हळूहळू वाकत गेली. त्यांनी यंत्राची जोडणी तपासली, भिंग पुसलं, पुन्हा बसल्या. शेवटी त्यांनी मान न वळवता सांगितलं.

"हवा स्वच्छ आहे. हिशेबापेक्षाही स्वच्छ."

केळुस्करांना इतका आनंद झाला की त्यांना त्याची लाज वाटली. त्यांनी हातमोज्यात मुठी आवळल्या. भिंत उभी होती. वेंगुर्ल्याच्या शाळेतला फोटो जागच्या जागी राहणार होता. आता जेवायला बसल्यावर ताट घेऊन कोण उठतं ते ते बघणार होते. मग भातात खडा लागावा तसा तो एक शब्द त्यांच्या दाताखाली आला. हिशेबापेक्षाही. हिशेब तर धुळीचा कणही नसलेल्या हवेचा होता. त्याहून स्वच्छ हवा कुठून आणणार?

पाय मोकळे करतो असं पुटपुटून ते दाराबाहेर आले. वर चंद्र पाहिला. छायाकल्प ग्रहण डोळ्यांना दिसत नाही म्हणतात, पण इथल्या हवेत ते दिसत होतं. चंद्राची खालची कड कोणी काजळाचं बोट पुसावं तशी मळकट झाली होती. वरची कड लख्ख होती. आणि लहानपणी वेंगुर्ल्याच्या अंगणातून दिसायचा तो चंद्रावरचा ससा इथे डोकं खाली, पाय वर करून लटकला होता.

ते आत आले आणि तिच्या खांद्यावरून पडद्याकडे पाहिलं. यंत्राचा डोळा चंद्राच्या वरच्या कडेवर रोखलेला होता.

लडाखमध्ये चंद्राची उत्तर कड वर असते. पृथ्वीच्या तळाशी आलेला माणूस तिकडच्या माणसाच्या मानानं उलटा उभा असतो, म्हणून त्याला चंद्र उलटा दिसतो आणि उत्तर कड खाली जाते. पोरीनं दोन हिवाळे वरची कड धरायची सवय लावून घेतली होती आणि हात आपोआप तिथेच गेला होता. सावलीकडची कड सोडून ती सावलीपासून सगळ्यात लांबची कड मोजत बसली होती. तिथे अंधार कुठून येणार? योजनेत ही चूक पहिल्याच पानावर असली पाहिजे. केळुस्करांनी ती वाचली असती तर तिथल्या तिथे लाल पेन्सिलीनं खूण केली असती.

ते खोक्यावर बसले. काहीच करायचं नव्हतं. फक्त गप्प बसायचं होतं. चंद्राची चित्रं साठवायला यंत्रात जागा नव्हती, पुढे जाणार होते ते नुसते आकडे, आणि हिशेबापेक्षा स्वच्छ हवेबद्दल मंडळात कोणी शंका काढली नसती. दक्षिण कडेचं असं ग्रहण पुन्हा यायला आठ-नऊ वर्षं होती. तोवर धूळ दुप्पट झाली असती. धूळ आत आलेलीच नसेल, अशीही शक्यता होतीच की, असं त्यांनी स्वतःला समजावलं. पण काजळाचं ते बोट त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं आणि ते फारच काळं होतं. मेंढपाळांचा विचार त्यांनी केला नाही असं नाही. केला, आणि बाजूला सारला. माणूस अशा वेळी काय काय बाजूला सारतो ते त्याचं त्यालाच ठाऊक.

ग्रहणाचा मध्य जवळ येत होता. मत्तेबाईंनी खुर्ची वळवली. त्यांचा चेहरा पार उतरला होता आणि तो लपवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही.

"अभिनंदन सर," त्या म्हणाल्या. "तुमची सीमा पक्की आहे. मी चुकले. परत गेल्यावर सगळ्यांसमोर तसं सांगते."

वर्षभर हेच ऐकायला केळुस्कर आसुसले होते. रात्री पडल्या पडल्या त्यांनी हे वाक्य तिच्या तोंडी घालून पाहिलं होतं, यापेक्षा चांगल्या शब्दांत. आता ते समोर आलं आणि त्यांच्या पोटात कळ उठली. तीच ती, अंतरपाटापाशी उठलेली. चूक होती, धडधडीत चूक, आणि ती चूक करणारी बाई तिच्याच जोरावर त्यांना बरोबर ठरवत होती. चुकीच्या गणितावर मिळालेले पैकीच्या पैकी गुण. हे त्यांना सोसेना. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, ते काही खोटं नाही.

"तुम्ही भलतीच कड धरलीय," ते खेकसले. "बाहेर जाऊन बघा जरा. इथे चंद्र उलटा असतो. उत्तर खाली आहे, खाली! शाळेतल्या पोराला कळेल."

मत्तेबाई दारापर्यंत धावल्या, वर एकदा पाहिलं आणि तशाच परत फिरल्या. यंत्राचा डोळा खाली यायला दोन मिनिटं लागली. मग पडद्यावरचे आकडे पडू लागले. पडले, आणखी पडले, धुळीशिवायच्या हिशेबाची रेषा ओलांडून खाली गेले आणि मध्य आला तरी थांबले नाहीत. केळुस्करांना ते वाचायला चष्मा लागला नाही. भिंतीला भोकं पडली नव्हती. भिंतच नव्हती.

मग मत्तेबाईंच्या काहीतरी ध्यानात आलं.

"सर, तुम्ही बाहेर कवा गेले होते?"

केळुस्करांनी खोटं सांगितलं नाही. मघाशी, म्हणाले.

"म्हणजे तेव्हापासून तुम्हाले माहीत होतं?" चिडल्यावर तिच्या बोलण्यात वणी उतरायची. "ग्रहणाचा अर्धा वेळ वाया गेला माझा, अन् तुम्ही तिथं बसून पाहून राहिले होते?"

"योजना मी वाचली नव्हती," केळुस्कर म्हणाले. "वाचली असती तर पहिल्या दिवशीच सांगितलं असतं."

"अन् आता काऊन सांगितलं?"

"चूक होती म्हणून."

आणखी काही कारण असेल म्हणून ती थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. नव्हतं. तिनं आभार मानले नाहीत आणि त्यांनीही त्याची वाट पाहिली नाही. ग्रहण सुटेपर्यंत दोघं एकमेकांकडे पाठ करून बसली, ती आकड्यांकडे तोंड करून आणि ते दाराकडे. परतताना दोराला पूर्वीसारखेच हिसके बसले.

रणदिव्यांना केंद्रप्रमुख या नात्यानं केळुस्करांनीच कळवलं. आकडे दिले, केळुस्कर सीमा अस्तित्वात नाही असं सांगितलं, आणि आकडे कसे हाती आले तेही सांगितलं. मग रणदिवे हळहळून म्हणाले की हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण झालं. "साहेब, छायाकल्प ग्रहण ते. कोण बघतं त्याच्याकडे? तुम्ही नुसते गप्प बसला असतात तर तिलासुद्धा कळलं नसतं."

"मला कळलं होतं ना," केळुस्कर म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

महिनाअखेरच्या बैठकीत धूळ दुप्पट करायचा ठराव बारगळला. दक्षिणेकडची विमानं जमिनीवर उतरवली गेली. वर्तमानपत्रांनी केळुस्करांना आधी ढोंगी म्हटलं, मग म्हातारचळ लागलेला म्हटलं, आणि एकानं तर मेंढपाळांचे डोळे काढणारा म्हटलं. या शेवटच्यावर ते रात्रभर जागे होते. दिल्लीहून हुकूम आला की प्रकृतीच्या कारणास्तव केंद्रप्रमुखांना कामातून मोकळं करण्यात येत आहे आणि सेवाज्येष्ठतेनुसार डॉ. मत्ते सूत्रं हाती घेतील. प्रकृती ठणठणीत असल्याचा दाखला फरीदांनी न मागता लिहून दिला, पण तो कोणाला नको होता. मत्तेबाईंनी दुसऱ्याच दिवशी फळा पुसला आणि नव्या पाळ्या लावल्या. बर्फाच्या पहिल्या पाळीपुढे नाव होतं, केळुस्कर.

ते कोट चढवत होते तेव्हा फरीदा हाक मारत आल्या. पुण्याहून फोन होता, मुक्ताचा. दिवाळी नव्हती.

तिनं तब्येत विचारली. त्यांनी बरी आहे म्हणून सांगितलं. मग तिनं विचारलं की त्या बाईंची चूक सांगितली नसती तर चाललं असतं का. केळुस्कर म्हणाले, चाललं असतं. सगळं छान चाललं असतं.

"बाबा," मुक्ता म्हणाली, "माझ्या लग्नात मुहूर्त खरंच टळला होता का हो?"

हे तिनं इतक्या वर्षांत कधीच विचारलं नव्हतं. कोणीच विचारलं नव्हतं. ते बरोबर होते की चूक, हा मुद्दा त्या मांडवात कोणाला महत्त्वाचा वाटलाच नव्हता.

"टळला होता गं," ते म्हणाले. "पण मी तेव्हा बोलायला नको होतं."

तिनं फोन ठेवला नाही. केळुस्कर तिचा श्वास ऐकत तसेच उभे राहिले, आणि मग उपग्रह क्षितिजाखाली गेल्यामुळे फोन आपोआप तुटला.

बाहेर वारा होता. चंद्र आता अर्धामुर्धा उरला होता आणि ससा तसाच उलटा लटकलेला. केळुस्कर फावडं घेऊन बर्फाच्या ढिगाशी पोचतात तोच मागे दार उघडलं. मत्तेबाई उंबऱ्यात उभ्या होत्या, कोट न घालता. पूर्वेकडचा बर्फ घ्या, तो जवळ आहे, एवढं सांगून त्या वळल्या.

केळुस्करांनी ओठ घट्ट मिटले. थंडीनं नव्हे.

"पूर्वेकडचा नको," ते म्हणाले. "आज वारा फिरलाय. जनरेटरची काजळी सगळी तिकडे पडतेय. वरून पांढरा दिसतो, पण तो पोटात गेला तर चौदा माणसं आजारी पडतील."

मत्तेबाई थांबल्या. पूर्वेच्या बर्फाकडे पाहिलं, धुराड्याकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावरची आठी काही गेली नाही.

"मग जिथला चांगला आहे तिथला आणा," त्या म्हणाल्या आणि त्यांनी दार धाडकन लावलं.

केळुस्करांनी फावडं खांद्यावर टाकलं आणि ते पश्चिमेकडे निघाले. तिकडचा बर्फ लांब होता.